दोनशे चाळीस पावलं

"ज्या लग्नाला दार असतं, त्या लग्नात कुणी ना कुणी बाहेर उभं राहतं."

मार्वा लँडक्विस्ट हे फोनवर सांगायची, अनोळखी मुलींना. मिनेसोटाहून, ओहायोहून, कुठून कुठून फोन यायचे. आईशी पटत नाही, त्याच्या घरचे येणार नाहीत, दोनशे माणसांची यादी बघून ताप आला, आम्हा दोघांनाच वाळवंटात येऊन लग्न करायचंय, जमेल का? मार्वा आधी हे वाक्य म्हणायची आणि मग विचारायची, "बुटांचं माप काय? आणि उंचावर चक्कर येते का?"

गाव युटाच्या पार दक्षिण टोकाला. एक पेट्रोल पंप, दोन खाणावळी, आणि चहूकडे तांबडा खडक. म्हातारी माणसं अजून याला पळून जाऊन लग्न करणं म्हणत, पण पळत कुणीच नव्हतं. विमानाची तिकिटं काढून, खोली ठरवून, चार महिने आधी कळवून लोक पळून येत. त्यांच्यासाठी जागा शोधणं, जमीन खात्याची परवानगी काढणं, पहाटेचा उजेड कोणत्या मिनिटाला कुठल्या भिंतीवर येतो ते बघून ठेवणं हा मार्वाचा धंदा. लग्न लावायचा अधिकारही तिने रीतसर मिळवला होता. तिच्या पेटीत चिमटा आणि जाड दातांचा कंगवा असायचा, निवडुंगाचे काटे काढायला. झग्याची शेपटी ती कचऱ्याच्या काळ्या पिशवीत बांधून नवरीच्या हातात द्यायची. वाटेत काळी, खरबरीत माती लागली की थांबवायची. "ही माती जिवंत आहे. एवढी व्हायला पन्नास वर्षं लागली. तुमच्या लग्नाहून जास्त टिकेल, तेव्हा बाजूने चाला."

दोघंच आलेल्या जोडप्यांना साक्षीदार कुठून आणायचे? युटात दोन लागतात. एक फोटो काढणारी इनेस, आणि दुसरा मार्वाचा नवरा थेन. तो निवृत्त मोजणीदार. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी आखून दिल्या, आता लोकांच्या लग्नांवर सही करतो असं तो स्वतःच म्हणायचा.

सहीआधी मार्वाचा एक रिवाज होता. कागद घडीच्या टेबलावर ठेवायचा, वर दगड ठेवायचा, आणि सगळ्यांना विचारायचं, "आपण कुठल्या राज्यात उभे आहोत?" सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "युटा." लोक हसायचे. पण त्यात थट्टा नव्हती. हद्दीवर कुंपण नाही. रस्ता वळत वळत तीनदा ॲरिझोनात शिरतो आणि तीनदा परत येतो, वाळूला काही कळत नाही. आणि युटाचा लग्नाचा परवाना हद्दीच्या अलीकडेच चालतो. पलीकडे जाऊन लग्न लावलं तर फोटो छान येतात, एवढंच. एका हौशी मुलाने असं एक लग्न लावलं होतं. ते जोडपं दोन वर्षांनी रडत परवान्याच्या कचेरीत, काउंटरवर आलं. मार्वा तेव्हा म्हणाली होती, "आंधळा असला तरी चालेल, पण नकाशा न बघणारा माणूस लग्नात नको."

ती एकोणिसाव्या वर्षी पहिल्यांदा लग्नाला उभी राहिली, ते तिच्या पंथाच्या मंदिरात, पांढऱ्या खोलीत, अनंतकाळासाठी. आत जायला चिठ्ठी लागते, आणि तिचे वडील ऑर्विल यांना ती मिळाली नाही, कारण पंथात कॉफी वर्ज्य, आणि त्यांनी ती सोडली नव्हती. ते बाहेर, गाड्या लावायच्या जागेत, आपल्या ट्रकमध्ये बसून राहिले. मार्वा नवऱ्याचा हात धरून बाहेर आली तेव्हा ते थर्मासमधून कॉफीच पीत होते. म्हणाले, "छान दिसतेस." पुढे काही नाही. अनंतकाळ बावीस वर्षांत संपला. नवरा गेला, पंथही सुटला. पण तो ट्रक तिच्या डोळ्यांपुढून हलला नाही. उघड्यावर लग्नं लावायचा नाद तिला त्या ट्रकने लावला.

थेन तिच्या आयुष्यात उशिरा आला. सावकाश बोलणारा, बोलण्याआधी जमिनीकडे बघणारा माणूस. त्याची एक फारकत तीन वर्षं कोर्टात रखडली होती, आणि त्या फारकतीचं नाव काढलं की तो उठून कुत्र्याला पाणी घालायचा. त्याने लग्नाचं विचारलं तेव्हा मार्वा पन्नास वर्षांची होती. म्हणाली, "एका अटीवर. एक दिवस मी गिऱ्हाईक. जागा, वेळ, खुर्च्या, सगळं तू बघ. मी नुसती येणार."

त्याने बघितलं. तांबड्या खडकाचा एक रुंद कट्टा, मागे धनुष्यासारखी वळलेली भिंत, पुढे मोकळी दरी. मार्वाला तिथल्या कानाकोपऱ्याची माहिती, पण हा कट्टा तिनेही पाहिला नव्हता. थेनने ऑर्विलना, चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला, खुर्चीसकट उचलून नेलं आणि सगळ्यांत पुढे बसवलं, भिंतीच्या सावलीत, हातात कॉफीचा पेला देऊन. परवाना युटाचा होता, आणि शाळेची बस चालवणाऱ्या एका मित्राने लग्न लावलं. कुठल्या राज्यात उभे आहोत हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही, कारण विचारणारी नवरी होती. ऑर्विल परत येताना ट्रकमध्ये म्हणाले, "या खेपेला मी पाहिलं." पुढल्या हिवाळ्यात ते गेले.

दर वर्षी त्या तारखेला दोघं कट्ट्यावर जायची, पीचचा गोड पाव खायची. उत्तरेकडून सरळ वाट होती, पण थेन नेहमी ओढ्यातून, दक्षिणेकडून न्यायचा. लांब पडायचं. "तिकडे सावली आहे," म्हणायचा. मार्वाने तो कट्टा कुठल्याच जोडप्याला दिला नाही.

अकरा वर्षं झाली. एप्रिलमध्ये टेसा आणि गिडियन यायचे होते, मिनेसोटाचे, दोघंही शाळेत शिकवणारे. त्यांची ठरलेली जागा मार्चच्या पुराने रस्त्यासकट नेली. तिकिटं काढलेली, दुसरी जागा रिकामी नाही. मार्वाने सकाळी अंडी फोडता फोडता सांगून टाकलं, "टेसाला आपला कट्टा देते."

थेनचा पेला ओठाशी थांबला. "तो नको."

"का?"

"तो आपला आहे."

मार्वाने वळून बघितलं. अकरा वर्षांत या माणसाने असं काही म्हटलं नव्हतं. वाढदिवसाला तो टायर आणून द्यायचा. तिला इतकं बरं वाटलं की तिने त्याच्या टकलावरून ओला हात फिरवला. "आपला आहे म्हणूनच देते. वापरला म्हणून झिजणार आहे का?"

"तुझी मर्जी," थेन म्हणाला, आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेला.

पुढचे दोन दिवस मार्वा हे सगळ्यांना सांगत होती. टेसाला फोनवर सांगितलं. इनेसला सांगितलं, तर इनेस म्हणाली, "माझा नवरा 'आपलं' फक्त कर्जाला म्हणतो." मार्वा हसत हसत परवानगीचा अर्ज भरायला बसली. त्या वर्षीपासून खात्याने अर्जात जागेचे अक्षांश-रेखांश मागायला सुरुवात केली होती. पूर्वी जागेचं नाव आणि एक बाण पुरायचा. तिने नकाशावर कट्ट्यावर बोट टेकवलं, आले ते आकडे उतरवले आणि अर्ज पाठवला.

मंगळवारी जमीन खात्यातून ओफेलियाचा फोन आला. ओफेलिया तिशीची, अर्ज बघणारी, जिभेची तिखट.

"मार्वा, मला शेजाऱ्याची जमीन भाड्याने द्यायला सांगताय का?"

"म्हणजे?"

"तुमची जागा सदतीस अंशांच्या खाली आहे. छत्तीस पूर्णांक नऊ नऊ आठ. ती ॲरिझोना आहे. तिकडच्या ऑफिसला अर्ज करा, आणि परवानाही तिकडचा घ्यायला सांगा पोरांना. तुम्ही अशी चूक केलीत म्हणून मी आज कॅलेंडरवर खूण करणार आहे."

मार्वा म्हणाली, "बरं, बघते." फोन ठेवला. मग तिला थेनचंच बोलणं आठवलं. हद्द आकड्यावर नसते, तो नेहमी सांगायचा. जुन्या मोजणीदारांनी खेचरांवरून दगड नेऊन जिथे पुरले, तिथे हद्द. त्यांची साखळी चुकली असली तर हद्दही तशीच वाकडी, आणि कायदा दगडाचं ऐकतो. तेव्हा दगड कट्ट्याच्या दक्षिणेला असला तर सगळं ठीक होतं. ती गाडी काढून निघाली. थेन मित्राचा पंप दुरुस्त करायला गेला होता, त्याला सांगायला कारण दिसलं नाही.

या वेळी ती उत्तरेकडून चालत गेली. वाट सरळ होती, वीस मिनिटांची. दोन बुटक्या जुनिपर झाडांमध्ये दगड उभा होता, गुडघ्याएवढा. उत्तरेच्या अंगाला युटा कोरलेलं, दक्षिणेच्या अंगाला ॲरिझोना. कट्टा अजून पुढे होता. ती दगडापासून मोजत गेली. पावलं मोजायला तिला थेननेच शिकवलं होतं, खांदे सैल, नजर समोर. दोनशे चाळीस.

ऑर्विलची खुर्ची होती तिथे ती उभी राहिली. भिंतीवर दुपारचं ऊन होतं. तिने मनात थेनची बाजू घेतली. तो दगड त्याने पाहिला नसेल. झाडांत आहे. माणूस प्रेमात असला की मोजणीदार राहत नाही. त्यालाही हे कळलं तर किती वाईट वाटेल, या विचाराने तिला त्याची दयासुद्धा आली. त्याला कसं सांगायचं याची वाक्यं जुळवत ती परत फिरली आणि सावलीसाठी दगडापाशी बसली.

दगडाच्या बुडाशी, हातभर अंतरावर, खडकात धातूची एक चकती बसवलेली होती, कानातल्या मोठ्या कुड्याएवढी. कुणा पशुपालकाच्या जमिनीची मोजणी करताना मोजणीदार जुन्या दगडाशेजारी अशी खूण ठोकतात आणि तिच्यावर आपला परवाना क्रमांक आणि साल उमटवतात, म्हणजे पुढे वाद झाला तर कुणाला विचारायचं ते कळतं. मार्वाने अंगठ्याने वाळू पुसली. क्रमांक तिला पाठ होता. तो घरातल्या हत्यारांच्या पेटीवर होता, कॉफीच्या पेल्यावर होता, कुत्र्याच्या पट्ट्यावर होता. साल त्यांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीचं होतं.

तिने आणखी एकदा पुसलं. साल तेच राहिलं.

मग एकेक गोष्ट आपापली जागा सोडून हलायला लागली. ओढ्यातली लांबची वाट. तिकडे सावली आहे. तो आपला आहे. त्याच्या टकलावर ठेवलेला स्वतःचा ओला हात तिला आठवला, आणि तिने तो झटकला, पाल अंगावर पडल्यासारखा.

शनिवारपर्यंत ती काही बोलली नाही. थेनला वाटलं, कामाची घाई आहे. तिने ओफेलियाकडून जागा बदलून घेतली, दगडाच्या उत्तरेकडची मोकळी सपाटी. टेसाला सांगितलं, उजेड तिथे जास्त चांगला येतो. ते खोटंही नव्हतं.

शनिवारी सूर्य उगवायच्या आधी सगळे उत्तरेच्या वाटेने चालले. टेसा झग्याखाली डोंगरचढीचे बूट घालून, पिशवीत बांधलेली शेपटी छातीशी धरून. गिडियन दर दहा पावलांनी तिला विचारत होता, "काटा?" आणि ती म्हणत होती, "नाही, तू." थेन सगळ्यांत मागे, घडीचं टेबल खांद्यावर घेऊन. गाड्या नेहमीच्या वळणावर थांबल्या नाहीत तेव्हा त्याने मान वळवून मागे बघितलं होतं.

मार्वाने दगडाच्या तीस पावलं अलीकडे सतरंजी अंथरली. इनेस म्हणाली, "कट्टा तर खाली आहे ना?"

"इथेच."

थेनने टेबल उघडलं आणि मागे सरत सरत झाडांपाशी जाऊन उभा राहिला. मार्वाने बघितलं, त्याने उजवा पाय उचलून त्या चकतीवर ठेवला आणि तसाच ठेवला, पेटती विडी विझवावी तसा.

लग्न चांगलं झालं. टेसाने लिहून आणलेलं वाचलं, अर्ध्यात आवाज गेला, उरलेलं गिडियनने तिच्या हातातून घेऊन वाचलं, स्वतःबद्दलचं कौतुक स्वतःच्याच तोंडाने, त्यामुळे सगळ्यांना हसू आलं. पलीकडे कट्ट्यामागची भिंत तांबडी झाली, मग केशरी. अंगठ्या झाल्या. मार्वाने कागद टेबलावर ठेवला, वर दगड ठेवला. टेसाने सही केली, गिडियनने केली, इनेसने केली. थेन झाडाखालून आला, पेन उचललं.

"थांब," मार्वा म्हणाली. "आधी विचारायचं राहिलं. आपण कुठल्या राज्यात उभे आहोत?"

टेसा आणि गिडियन एकदम ओरडले, "युटा." त्यांना हा रिवाज फोनवर सांगितलेला होता, ते त्याची वाटच बघत होते. इनेस म्हणाली. मार्वा थेनकडे बघत राहिली.

"साक्षीदाराचं ऐकू आलं नाही."

थेनने जमिनीकडे पाहिलं. "युटा," म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की इनेसने कॅमेरा डोळ्यावरून काढला.

"नक्की ना? तुझा धंदा आहे म्हणून विचारते."

"नक्की."

"कर सही."

घरी पोचायला साडेनऊ झाले. वाटभर दोघं वेगळ्या गाड्यांत होती. मार्वा स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, टोपी समोर ठेवून. थेन आत आला, हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. खिडकीतला कूलर त्याने कालच उघडून ठेवला होता, नव्या गवताचे पॅड भिंतीला टेकलेले होते. त्यातला एक उचलून तो बसवायला लागला.

"ते राहू दे," मार्वा म्हणाली. "बस."

तो बसला.

"दोन वर्षं आधी तू तिथे चकती ठोकलीस."

"हो."

"मग आपलं लग्न कट्ट्यावर का?"

त्याने हातातला पॅड पायाशी टेकवला.

"कोर्टात ती तीन वर्षं," थेन म्हणाला. "रोज वाटायचं, कागदच नसता तर दोन माणसं नुसती उठून गेली असती. मी ठरवलं होतं, परत कागदात अडकायचं नाही. आणि तू भेटलीस. तुला लग्न हवं होतं."

"म्हणून तू मला लग्नासारखं काहीतरी दिलंस."

"बिनसलं असतं तर तुलाही त्रास झाला नसता, एवढंच होतं डोक्यात. दोघांच्या सोयीचं. आणि बिनसलं नाही ना, मार्वा? अकरा वर्षं. मी तर ते विसरूनही गेलो होतो."

"दर वर्षी ओढ्यातून नेताना विसरलेला असायचास?"

थेनने उठून कुत्र्याच्या भांड्यात पाणी ओतलं.

"मी त्या दिवशी हसले, थेन. तो आपला आहे म्हणालास तर मी गावभर सांगत फिरले."

"ते खोटं नव्हतं."

"माझे वडील पुढच्या खुर्चीत बसले होते. तू उचलून नेलंस त्यांना. उचलताना तुला माहीत होतं."

"त्यांनी लग्नच पाहिलं," थेन म्हणाला. "ते खूश होते. त्यांच्यासाठी ते खरंच होतं."

मार्वाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तोच चेहरा होता, उन्हाने फाटलेला, भुवया पांढऱ्या. अकरा वर्षं रोज सकाळी बघितलेल्या या चेहऱ्यात आपण काय मोजत होतो, असं तिला वाटलं. तो माणूस तिला सोडून जाणार नव्हता, हे तिला कळत होतं. गेला नसताच कदाचित. पण रोज सकाळी तो राहत होता तो जाता येतं म्हणून, आणि ती राहत होती तिला जायचंच नाही म्हणून. एकाच बिछान्यात दोन वेगळी लग्नं झोपत होती.

थेन आता घाईने बोलायला लागला. इतकं भराभर बोलताना तिने त्याला कधी ऐकलं नव्हतं. "सोमवारी काउंटर उघडला की जाऊ. दहा मिनिटांचं काम आहे. परवाना काढू, इनेसला बोलावू, ओफेलियाला बोलावू. तू म्हणशील तिथे उभे राहू. हवं तर दगडाच्या उत्तरेला मैलभर आत. मी मोजून देतो. कुणाला कळायचं कारण नाही, मार्वा. जुनी तारीख तीच धरू आपण. पीचचा पाव मी आणतो."

टेबलावर टेसा आणि गिडियनचा सही झालेला कागद लिफाफ्यात होता, काउंटरवर पोचवायचा. खाली थेनचं नाव, त्याच्या सरळ, मोजून काढल्यासारख्या अक्षरात. मार्वाने तो लिफाफा उचलला, टोपी उचलली. खुंटीवरून ट्रकच्या किल्ल्या घेतल्या. कुत्रा उठून तिच्या मागे आला, आणि तिने पायाने त्याला हळूच मागे सारलं.

"सोमवारी आठ वाजता," थेन म्हणत होता, "आठला उघडतं ते, आपण पावणेआठलाच..."

ती दार उघडून बाहेर पडली.